पंचनाम्याशिवाय हात लावायचा न्हाई

आमच्या परसात एक वांगं अर्धं खाल्लेलं सापडलं. मी ते उचलून कचऱ्यात टाकणार, एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "थांबा पोस्टमास्तर! पंचनाम्याशिवाय हात लावायचा न्हाई!"

फाटक उघडून सोपानराव आत आले. खिशातून वही निघाली, कानावरची पेन्सिल हातात आली आणि ते वाफ्याशी उकिडवे बसले. "घटनेची जागा, पूर्वेकडचा वाफा, झाड नंबर तीन. मुद्देमाल, वांगं एक, निम्मं. संशयित, वानर." मग त्यांनी दातांच्या खुणा चष्मा वरखाली करून पाहिल्या, वानराला निर्दोष सोडलं आणि घुशीला फरार घोषित केलं. खाली पंच म्हणून माझी आणि बायकोची सही झाली. बायकोला उरलेल्या निम्म्याचं भरीत करायचं होतं. तिने विचारलं, "मुद्देमाल परत कधी मिळेल?"

"निकाल लागल्यावर," सोपानराव गंभीरपणे म्हणाले आणि वांगं कागदात गुंडाळून घेऊन गेले.

सोपानराव म्हणजे रिटायर झालेले जंगलाचे गार्ड. उभी नोकरी वेल्ह्याच्या डोंगरात गेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी. नोकरी सुटली तरी गार्ड सुटला नाही. वादळात फांदी पडली की पंचनामा, दारात मेलेली चिमणी दिसली की पंचनामा. आमच्या गल्लीतल्या एका मांजरीवर त्यांच्या वहीत सात गुन्हे आहेत.

आमची कॉलनी भोरच्या कडेला, उत्रोलीच्या अंगाला आहे. सगळे नोकरीपेशातले. सगळ्यांनी अंगणात कडेपर्यंत फरशी घातली आणि मग सगळ्यांना एकदम निसर्गाची ओढ लागली. वकीलसाहेबांच्या अध्यक्षतेखाली निसर्गमित्र मंडळ निघालं. पहिल्या सभेत पाचगणीहून आणायच्या रोपांची यादी झाली, दुसऱ्या सभेत टी-शर्टचा रंग ठरला. तिसऱ्या सभेपर्यंत रोपं वाळली होती. तेव्हा कुणाला तरी आठवलं की आपल्यातच एक माहितगार राहतो.

दर रविवारी सोपानराव आम्हाला शिकवू लागले. खरं सांगतो, माणूस पक्का होता. मोगऱ्याचं पाणी तोडून पानं खुडायला त्यांनीच लावली आणि मोगरा असा फुलला की बायकोने महिनाभर मला चहा न मागता दिला. कढीपत्त्याला ताक, गोगलगायींसाठी रात्री ओलं गोणपाट अंथरायचं आणि सकाळी उलटायचं, सगळं त्यांच्याकडून कळलं. फांदी तोडायची तर आधी खालून खाच द्यायची आणि मग वरून घाव घालायचा, म्हणजे साल सोलत नाही, हेही त्यांचंच.

पण यातलं काहीच ते स्वतःचं म्हणून सांगत नसत. प्रत्येक धड्याची सुरुवात एकच, "आमच्या खबऱ्याकडून आसं समजतं की..."

"हा खबऱ्या कोण हो?" वकीलसाहेब उलटतपासणी घ्यायचे.

"खबऱ्याचं नाव गुप्त ठिवावं लागतं."

एखादा नवाच प्रश्न आला की सोपानराव वही मिटायचे. "त्येची खबर न्हाई," एवढंच म्हणायचे. "खबऱ्या बंद झालाय. लई वर्सं झाली." आम्ही हसायचो. मी तर सगळ्यात जास्त हसायचो, हे इथे कबूल करायला हवं.

दुसरी गंमत म्हणजे त्यांच्या घरातला कोयता. भिंतीवर खिळ्याला टांगलेला, जुना, मूठ घासून गुळगुळीत झालेली. मुठीला सुतळीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, जशी जप्त केलेल्या मालाला बांधतात. पण चिठ्ठी कोरी. दर सोमवारी सोपानराव त्याला तेल लावत. वापरत मात्र दुसराच. मी एकदा सहज हात पुढे केला, तर पंचनाम्याचंही नाव न काढता त्यांनी नुसतं माझं मनगट धरलं.

मग ते रीलचं प्रकरण झालं. कॉलनीच्या फाटकाशी एक जुना रायवळ आंबा आहे. त्याची एक फांदी विजेच्या तारेकडे झुकली होती. ती काढायला अख्खं मंडळ टी-शर्ट घालून जमलं. सोपानराव चढले. पद्धतीप्रमाणे फांदीच्या खालच्या अंगाला खाच द्यायला वाकले, तर खालून वकीलसाहेब मोबाईल रोखून ओरडले, "काका, असं टुकूटुकू नको! एका घावात! झकास दिसेल!"

आयुष्यात या माणसाला कुणी झकास म्हटलं नसावं. त्यांनी छाती काढली, कोयता उगारला आणि घाव घातला. फांदी मोडली, पण पडता पडता बुंध्यापर्यंतची हातभर साल सोलून घेऊन गेली. रील फार चालली. तीन आठवड्यांनी आंब्याच्या शेजारच्या फांदीची पानं माना टाकू लागली. मंडळाने 'झाड वाचवा' असा फलक रंगवायला घेतला.

सोपानराव रोज झाडाखाली जाऊन उभे राहायचे. वही उघडायचे, मिटायचे. एका सकाळी ते माझ्याकडे आले. हातात तो चिठ्ठीचा कोयता होता.

"पोस्टमास्तर, तुमी जलमभर लोकांच्या वस्तू पोचवल्या," ते म्हणाले. "ही एक पोचवायची हाय. पालीच्या वर, धनगरवस्तीवर. गाडी काढता?"

गाडी मी काढली. नसरापूर मागे पडेपर्यंत ते कोयता मांडीवर धरून बसले होते. विंझरला चहासाठी थांबलो. त्यांनी दुकानातून चहापूड, साखर आणि बिस्किटं घेतली, आणि मग बोलले.

खबऱ्याचं नाव ठकूबाई. सोपानराव नवे नवे जंगलात आले तेव्हा त्यांना ऐन आणि किंजळ ही साधी झाडंही वेगळी ओळखता येत नव्हती. खाकी दिसली की माणसं आडवाटेने निघून जायची. दिवसचे दिवस कुणी बोलायचं नाही. "येकदा म्या हिरड्याच्या झाडाला बेहडा म्हनलो. ती शेरडं घिऊन चालली व्हती. पोट धरधरून हसली. म्हनली, आरं गार्डा, राखतोस काय आन् वळखतोस काय?" त्या दिवसापासून ती शिकवायला लागली. कोणतं फळ अस्वल खातं, शेकरूचं घरटं कुठल्या झाडात असतं, फांदी कशी उतरवायची. चौकीवर ताकही आणून द्यायची.

"आन् येक दिस सायबाची जीप आली. ही समोरनं वाळकी लाकडं घिऊन येत व्हती, हातात कोयता. सायब म्हनला, गार्ड, बगताय काय? म्या तिच्या हातनं कोयता घेतला. तिनं मोळी टाकली आन् गेली. त्यानंतर माज्याशी येक अक्षर न्हाई."

"आणि पंचनामा?"

"सायब म्हनला करून ठिवा. लिवायला बसलो, तर पयली वळच सुचंना. जलमात तेवढा येकच केला न्हाई." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "परत द्यायला धा येळा निगालो, ह्याच इंझरातनं माघारी फिरलो. आता त्या आंब्याला काय करायचं ते तिलाच ठावं. न्हाई बोलली तर आंबा गेला. आन् ती बी म्हातारी झाली आसंल."

त्या दिवशी विंझरला मी यू टर्नला जागा ठेवली नाही. चहा संपताच गाडी पालीकडे जाणाऱ्या टेम्पोच्या मागोमाग काढली.

रस्ता संपल्यावर तासभर चढ होता. वस्तीवर चार घरं, एक वाडगं, त्यात शेरडं. ओट्यावर एक बारीक, वाकलेली म्हातारी करडाला पाला चारत बसली होती. आम्हाला पाहून तिने मान खाली घातली आणि पाला चारत राहिली.

सोपानराव तिच्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले. वहीतून घडी केलेला कागद काढला. रात्री लिहिला असावा. ते वाचू लागले.

"पंचनामा. आरोपी, सोपान गार्ड, सदर जागेवर स्वतः हजर. मुद्देमाल, लोखंडी कोयता येक, लाकडी मूठ. फिर्यादी, ठकूबाई. आरोपीनं फिर्यादीचं ताक पिऊन, फिर्यादीकडनं समदं शिकून, तिच्याच हातचा कोयता काडून घेतला. आरोपीस गुन्हा कबूल. पंच, पोस्टमास्तर, भोर."

पोस्टात असताना मी हजारो कागद पाहिले, असा नाही पाहिला. मोबाईल रोखायला वकीलसाहेब बरोबर नव्हते, म्हणून बरं.

कोयता त्यांनी ओट्यावर ठेवला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, चिठ्ठीला बोट लावलं आणि पुन्हा पाला उचलला. सोपानरावांनी चहापुडीची पिशवी कोयत्याशेजारी ठेवली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि वळले. आंब्याच्या तोडलेल्या फांदीचा, साल फाटलेला तुकडा त्यांनी कागदात बांधून आणला होता. तो द्यायचंही ते विसरले होते. तो त्यांच्या काखेतच होता.

"हिकडं आन त्ये," मागून आवाज आला.

तिने कागद सोडला. फांदीचं टोक डोळ्यांजवळ नेलं, फाटलेल्या सालीवरून अंगठा फिरवला.

"कुनी तोडली ही?"

"म्या."

"खालनं खाच दिली न्हाईस."

"न्हाई."

"का?"

सोपानरावांना रीलचं सांगता येईना. मास्तरांनी वर्गात उभं करावं तसे उभे राहून ते म्हणाले, "शेजारची फांदीबी वाळाय लागलीया."

"कितींदा सांगितलं व्हतं तुला?" ठकूबाईंचा आवाज चढला. "कितींदा? शेन आन् माती कालवून लेप दे त्या जागी. वाळली फांदी उतर. आन् खालनं खाच दिऊन उतर ह्या बारीला. जगंल झाड. आंबा कसा मरतो आसा?"

सोपानराव खाली बसले. वही उघडली. पेन्सिल कानावर होती, ती त्यांना सापडेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते चष्मा न काढताच पुसत होते.

"पुन्यांदा सांग. शेन किती, माती किती?"

"आदी ती वही ठिव बाजूला," ठकूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने त्या चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्यातला एक कप सोपानरावांपुढे धरला.

सोपानरावांनी वही मिटून जमिनीवर ठेवली आणि कसलाही पंचनामा न करता तो कप दोन्ही हातांनी घेतला.