तीन दिवसांचं सौजन्य

मिस्त्रींच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी ते कामाला होते तो कारखाना परदेशी कंपनीने घेतला. एका छपराखाली पाच देशांची माणसं आली. दोन महिने कुणाचं कुणाशी वाजलं नाही. ही बाब गंभीर मानून कंपनीने मतभेद निवारण्यासाठी सांस्कृतिक समन्वय विभाग उघडला.

त्याच आठवड्यात मिस्त्री परदेशी साहेबाला म्हणाले, "साहेब, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलाय. बदला, नाहीतर माणूस मरेल."

साहेबाला सगळं समजलं. पण विभागाला बोलणं उद्धट वाटलं, आणि उद्धट स्वरूपात आलेली मागणी नियमानुसार परत गेली. मिस्त्रींना तीन दिवस शिकवलं: वाईट बातमी दोन चांगल्यांच्या मधे घालून द्यावी. शेजारच्या खोलीत साहेबाला शिकवलं: इथली माणसं हळवी, ऐकावं, हसावं, खोदून विचारू नये.

दोघांना प्रमाणपत्रं मिळाली. मिस्त्री पन्नाशीत अक्षरं शिकलेले. आपलं प्रमाणपत्र स्वतः वाचता आलं, म्हणून त्यांना जरा जास्तच चढली.

"साहेब," ते बैठकीत म्हणाले, "आपला बॉयलर फार गुणी. व्हॉल्व्ह जरा थकलाय. रंग मात्र काय खुलून दिसतो!"

साहेब प्रसन्न हसला. विभागाने बैठक आदर्श म्हणून नोंदवली.

बॉयलरवर मिस्त्रींचा मेव्हणा कामाला होता. तो चिडला. "दाजी, रंगाचं काय घेऊन बसलात? तिथे मी उभा असतो! निदान बंद तरी करा."

"बंद करणं म्हणजे साहेबाला तोंडावर नाही म्हणणं. दुसऱ्या दिवशीचा धडा होता तो. तू नव्हतास, तुला नाही कळायचं."

पुढच्या सोमवारी बॉयलर फुटला. चौकशीत साहेब आणि मिस्त्री, दोघांचंही वर्तन निर्दोष ठरलं. 'एका सहकाऱ्याची उणीव भासेल,' असं अहवालात आलं.

त्या सोमवारी दुपारी मिस्त्री घरी गेले. बायको दारातच होती.

"तुझा भाऊ," ते म्हणाले, "फार कष्टाळू. आज जरा... पण माणसं किती जमली होती म्हणून सांगू!"

"अहो, काय झालंय त्याला? सरळ बोला की!"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. सरळ काही येईना.

ते सरळ वाक्य इथे लिहून ठेवलं आहे. वाचून उद्धट वाटलं, तर तुमचंही प्रशिक्षण पूर्ण झालं समजा. मिस्त्रींचा मेव्हणा बॉयलर फुटून मेला. सोमवारी, सकाळी सव्वादहाला.