ढोके सरांची गळकी जागा

धायरीतल्या आमच्या सोसायटीत पार्किंगची एकच जागा गळते आणि ती ढोके सरांनी मागून घेतली आहे. आधी ती माझी होती. ‘तुमची गळकी मला द्या, माझी कोरडी तुम्ही घ्या,’ असं ते म्हणाले, तेव्हा माझ्या गाडीच्या टपावर चुन्याचे पांढरे ओघळ वाळत होते. त्यांचा विचार बदलायच्या आत मी गाडी हलवली.

त्या जागेच्या छताला एक पांढरी नळी लोंबते. पेन्सिलीसारखी बारीक, आतून पोकळ, टोकाला कायम एक थेंब. तिला धक्का लागू नये म्हणून सर फाटकापाशीच स्कूटरवरून उतरतात आणि ती ढकलत आणतात.

सर मूळचे वणीकडचे, चुनखडीच्या मुलखातले. जन्मभर पुण्यात भूगर्भशास्त्र शिकवलं, पण या शहरावरचा राग काही गेला नाही. ‘सगळा काळा दगड तुमचा. पाणी मुरतं, पण विरघळत काही नाही.’ नळीबद्दल विचारलं की वर्ग सुरू. पावसाचं पाणी मातीतून मुरताना किंचित आंबट होतं, चुनखडीचा दगड विरघळवत झिरपतं आणि गुहेच्या छताला थेंब होऊन लोंबतं. तिथे त्यातला वायू उडून जातो, चुन्याचं बारीक कडं मागे राहतं. कड्याखाली कडं, अशी नळी होते.

‘गुहेत एवढ्याला शेकडो वर्षं लागली असती. तुमच्या सिमेंटनं दहा-बारा वर्षांत करून दाखवलं. रसायन थोडं वेगळं, पण रीत तीच.’ ऐकणाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं की म्हणणार, ‘काऊन घाई करता, बाप्पा?’

हा प्रश्न त्यांनी एकदा सिलिंडर खांद्यावर घेतलेल्या माणसालाही विचारला होता.

सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, होत्या तेव्हा संध्याकाळी आम्ही पार्किंगच्या छतावरच्या बागेत बसायचो. काकू मोगऱ्याला पाणी घालत सांगायच्या, ‘लग्नानंतर लोक महाबळेश्वरला जातात. ह्यांनी मला बस्तरच्या गुहेत नेलं. टॉर्च विझवला आणि म्हणाले, ऐक. काय ऐकायचं? तर थेंब! एक पडला, मग दुसऱ्याची वाट बघत बसलो.’ सांगताना त्या अजून लाजायच्या. बोलण्याच्या नादात मोगऱ्याचं आळं भरून वाहायचं आणि सर ओरडायचे. त्या संध्याकाळींची मला फार आठवण येते.

काकू गेल्या. बागेत बसणं संपलं.

गेल्या महिन्यात वॉटरप्रूफिंगचं ठरलं. सेक्रेटरी मीच. सर मीटिंगला येत नाहीत, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. शनिवारी सकाळी कंत्राटदारानं शिडी लावली आणि छत खरवडायला घेतलं. तेवढ्यात जिन्यात धाडधाड आवाज झाला. ढोके सर पळत येत होते. अनवाणी, हातात झारी, पायऱ्यांवर पाणी सांडतंय. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं.

‘थांबा! तिला हात लावू नका!’

शिडी धरून ते धापा टाकत उभे राहिले.

‘सर, होईल की परत,’ मी म्हटलं. ‘तुम्हीच म्हणता ना, सिमेंटला वेळ लागत नाही.’

‘नाही होणार.’ त्यांनी वर बोट दाखवलं. ‘हिच्या बरोबर डोक्यावर मोगरा आहे. सुमन पाणी जास्त घालायची, तेच इथे उतरलं. नळी टोकाला वाढते, अहो. म्हणजे छताजवळचं सगळं तिच्या पाण्याचं. खालचं बोटभर माझं, ती गेल्यानंतरचं.’

काकू गेल्यावर लगेच त्यांनी माझी जागा का मागितली, ते मला तेव्हा कळलं.

‘साहेब, मोगऱ्याखालचं सोडलं तर गळती राहील,’ कंत्राटदार म्हणाला.

‘राहू द्या,’ मी म्हणालो.

सरांनी झारीत डोकावून पाहिलं. ती रिकामी झाली होती. भरून घ्यायला ते पुन्हा वर गेले, या वेळी सावकाश.