अप्पांचं गोणपाट

गौरी, इकडं ये बघू, अशी जवळ बस. तू नांदेडात आणि मी निलंग्यात, मग जवळ कशी बसणार म्हणशील. मन लावून वाचलंस की बसल्यासारखंच आहे. पण आधी कान धरते तुझा. परवा फोन करून म्हणालीस, "मालनआजी, कॉलेजात धंद्यातल्या नीतीवर लिहायचंय, तुमच्या बघण्यातला एखादा दुकानदार सांगा की." अगं, तुझ्या आईचे वडील माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. बियाणं विकण्यात जन्म गेला त्यांचा. त्यांना सोडून मला विचारतेस? अप्पांना फोन लावायला तुझं बोट का अडतं गं?

का अडतं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहायला बसले.

उन्हाळा सरत आला की अप्पांच्या ओट्यावर मोठ्यानं बोलायची बंदी असते. का, तर बी निजलेलं असतं! दुकानात सोयाबीनचा नवा माल उतरला की प्रत्येक खेपेतलं मूठभर बी काढायचं, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचं, त्याची घडी गुंडाळायची आणि ओट्यावर सावलीला ठेवायची. मग सकाळ-संध्याकाळ हातानं पाणी शिंपत बसायचं. हे आपल्याकडं पुष्कळ शेतकरी करतात, त्यात नवल नाही. पण दुकानदार करतो, आणि मोड आले का नाही ते गिऱ्हाइकासमोर उलगडून दाखवतो, असा हा एकच. एखाद्या घडीत बी कुजलेलं निघालं की त्या पिशव्यांकडं बोट करून स्वतःच सांगणार, "ह्या घेऊ नको बाबा. घरचं ठेवलेलं असंल तर ते चाळून पेर."

"अप्पा, दुकान हाय का दवाखाना?" गिऱ्हाईक विचारायचं.

"दवाखानाच समज. मेलेलं इकत न्हाई मी."

माल उतरवणाऱ्या हमालांचे तर हालच. सोयाबीनची साल नाजूक, पिशवी आपटली की आतला अंकुर दुखावतो. म्हणून अप्पा ट्रकपाशी हात पसरून उभे. "हळू रे, हळू! लेकरू हाय त्यात!" हमाल बेजार. एकजण पिशवी छातीशी धरून झोके द्यायचा आणि म्हणायचा, "अप्पा, अंगाई बी म्हणू का?" अप्पांना त्यात थट्टा दिसायचीच नाही. म्हणायचे, "म्हण की. पर खाली हळू ठेव."

तुझी आजी होती तेव्हा मला म्हणायची, "मालनबाई, मला सवतीची फिकीरच न्हाई. गोणपाट हाय की घरात!"

आणि अप्पांच्या तोंडात सदा एक वाक्य: "आधी गोणपाटाला इचारू." आमच्या गल्लीत ती म्हणच झाली. नवा डॉक्टर आला, गोणपाटाला विचारा. निवडणुकीला कोण उभं राहिलं, गोणपाटाला विचारा. तुझे बाबा तुझ्या आईला बघायला आले, तेव्हा सगळ्यांची पसंती झाली. कुणीतरी विचारलं, "काय अप्पा, पाहुणे पसंत हायत न्हवं?" तर म्हणतात, "पसंत हायत. पर माणसाला गोणपाटात घालून बघता येत न्हाई, म्हून जीव भितोय." सगळी बैठक हसली. तुझे बाबाही हसले. मोठ्या मनाचे आहेत तुझे बाबा, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून त्यांच्यावर राग धरू नकोस.

तू शाळेत होतीस तेव्हाची गोष्ट. बाबांनी लातूरला एका कंपनीच्या बियाण्याची एजन्सी नवी नवी घेतली होती. पहिला माल मोठ्या हौसेनं सासऱ्याच्या दुकानात पाठवला. अप्पांनी तो नेहमीसारखा गोणपाटात घातला. दिवस भरले तशी दार लावून, एकट्यानं, घडी उघडली. निम्मंअर्धं बी तसंच, मुकं.

तुझे बाबा लातूरहून धावत आले. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून हे कानांनी ऐकलेलं आहे.

"मामा, पिशवीवर शिक्का हाय, कागदपत्र पक्के हायत. कायद्यात बसतंय सगळं."

"बसत असंल, जावईबापू. उगवंना."

"ठीक हाय, इकू नका. माल गुपचूप माघारी घेतो मी. तुमचा धर्म ऱ्हायला, माझी इज्जत बी ऱ्हायली. फक्त ती एक घडी ओट्यावर उघडू नका. बाजारात माझं नाव त्या पिशवीला चिकटलंय."

बघ गौरी, किती रास्त बोलले! मीसुद्धा म्हटलं, "अप्पा, ऐका त्यांचं. विकायचं नाहीच आहे, मग दाखवायचं कशाला? लेकीच्या घरात तकरार होईल."

अप्पांनी चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हाच माल दुसऱ्या दुकानांत बी गेलाय. लोक माझ्याकडं बघून घ्येतेत. एक घडी झाकली, मंग बाकीच्या उघड्या ठिवून काय उपेग? जावयाची झाकली अन् परक्याची उघडली, असं व्हईल ते."

दुसऱ्या दिवशी सगळ्या घड्या ओट्यावर उलगडल्या. तीही. पेरणीच्या गर्दीचा दिवस, बघणाऱ्यांची ही रीघ! संध्याकाळपर्यंत गोष्ट लातूरला पोचली. तुझ्या बाबांनी फोनवर एवढंच म्हटलं, "मामा, बाजारात उतरवलंत मला." त्यानंतर तुझी आई नागपंचमीला आली नाही, दिवाळीला आली नाही. नवऱ्याचा अपमान झाला, तिनं तरी काय करावं?

आता तुझ्या कॉलेजातलं. तू फोनवर सांगत होतीस, काही शहाणे म्हणतात परिणाम बघून ठरवावं, आणि काही म्हणतात परिणाम काहीही होवो, कर्तव्य सोडू नये. मी आपली किराण्याच्या पुड्यांवरची अक्षरं लावून लावून वाचायला शिकलेली बाई, पण हे मला पटकन समजलं. कारण पुढं काय झालं ऐक. त्या साली पाऊस लागून आला, हवा तेवढा आणि हवा तेव्हा. दुसऱ्या दुकानांतून लोकांनी तेच बी नेलं होतं, ते बऱ्यापैकी उगवून आलं. अगदी दाट नाही, पण कुणाचं रान मोकळं राहिलं नाही. मग काय, गावाला विषयच मिळाला. "अप्पा, तुमच्या गोणपाटाला आता चष्मा लावा!" परिणामाच्या हिशेबानं अप्पा साफ हरले बघ. लेक गेली, जावई गेला, वर हसं झालं.

अप्पा एवढंच म्हणाले, "पाऊस चांगला झाला. बी चांगलं न्हवतं."

त्यांचं बरोबर होतं का? मला अजून सांगता येत नाही. कर्तव्य मोठं खरं, पण ज्या घरी लेक येत नाही त्या घराची भिंत माझ्या भिंतीला लागून आहे. सणावाराला तिथनं भांड्याचा आवाजही येत नाही, ते मी ऐकते. एकदा ओट्यावर पाणी शिंपता शिंपता त्यांनीच विचारलं, "मालनबाई, ती घडी झाकली असती, तर लेक येत ऱ्हायली असती का हो?"

खोटं कशाला बोलू? "आली असती," म्हटलं.

"व्हय," म्हणाले, "मला बी तसंच वाटतंय." आणि पुन्हा पाणी शिंपायला लागले. झाकायला हवी होती, असं मात्र म्हणाले नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस बघते, तर ओट्यावर ओली घडी! मी म्हटलं, म्हातारा चळला. सोयाबीन कापून लोक मोकळे झाले आणि ह्यांचं हे काय?

"काय हो अप्पा, आता कुठली पेरणी?"

लाजल्यासारखे झाले. जवळ बोलावून हळूच घडी उलगडली. आत वालाचं बी होतं. तुझी आई लहान असताना न्हाणीच्या सांडपाण्यावर वालाचा वेल लावायची. लग्न होऊन गेली तरी अप्पा तो वेल दरसाल लावत, शेंगा वाळवून बी ठेवत. ती यायची बंद झाली तसं लावणं सुटलं, बी मात्र डब्यात राहिलं.

"लेकीला पाठवावं म्हनलं," अप्पा म्हणाले. "पर तसंच कसं द्यावं? आधी बघाया नगं?"

जुनं बी ते. बरंचसं कुजलं होतं. कडेला थोड्यांना तेवढे पांढरे मोड आले होते. अप्पा त्यांच्याकडं वाकून बघत होते आणि हात धोतराला पुसत होते, पुसतच होते. मग आत जाऊन डब्यातलं उरलेलं बी कागदात बांधून घेऊन आले आणि पुडी माझ्या हातात ठेवली.

"तिला आधी सांगा, मालनबाई. समदं उगवणार न्हाई. दाट लाव म्हणावं."

पुडी माझ्या देवघरात आहे. तुझ्या कॉलेजाला काय लिहायचं ते लिही, पण ही पुडी मी टपालानं पाठवणार नाही बाई. पावसाळ्याच्या आत न्यायला या. आईला घेऊन ये, आणि बाबांनाही म्हणावं, मालनआजीनं चहाला बोलावलंय, मागचा निवून गेला होता. आल्यावर अप्पांच्या ओट्यावर बघून पाय टाका, घड्या असतील. आणि मोठ्यानं हाक मारलीत तरी चालेल. ह्या वेळी ते रागावणार नाहीत.

लवकर ये गं.