बारीचा दिवस, सामन्याचा दिवस

असानकुल बुटांच्या नाड्या बांधत होता, तेव्हा झुरानं त्याच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, आज मेंढ्यांची बारी आपली आहे."

असानकुलचा हात नाडीवरच थांबला. गावातल्या सगळ्या घरांच्या मेंढ्या एकाच कळपात चरायच्या आणि रोज एका घरानं त्या राखायच्या, हा नियम त्याच्या पणजोबांच्याही आधीचा. लग्न, ताप, पाहुणे, कुठलीच सबब चालत नसे.

"आज? आज तर सामना आहे."

"मग तसं मेंढ्यांना सांगा. मी जाऊन सांगणार नाही, माझं गुडघ्याचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे."

असानकुल शाळेत खेळ शिकवायचा; पोरी त्याला अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणायच्या. मुलींचा फुटबॉल संघ हा त्याचा जीव की प्राण. आज वरच्या गावाला हरवलं, की पोरी नारीनला, मोठ्या स्पर्धेला जाणार होत्या. या शाळेतून आजवर कुणी तिथवर पोचलं नव्हतं. सामना बरोबरीत सुटला तरी गेल्या वर्षीचे विजेते म्हणून वरचं गावच पुढे जायचं, म्हणजे जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पापण्यांवर हिव गोठेपर्यंत पोरींनी सराव केला होता. आणि हा गडी तारीख ठरवताना बारीच विसरला होता.

तो घराबाहेर पडला, तर रात्रीत गुडघाभर बर्फ पडलेला. शाळेच्या फाटकात मुख्याध्यापिका सालकिन एजे, म्हणजे सालकिनताई, हात बाहीत खुपसून उभ्या होत्या आणि मैदानावर पोरी फावडी घेऊन धापा टाकत होत्या. एवढ्या वेळात त्यांनी जेमतेम एक कोपरा मोकळा केला होता.

"असानकुल, नियम माहीत आहे ना?" एजे म्हणाल्या. "दुपारपर्यंत मैदान तयार झालं नाही, तर यजमान हरले. पाहुणे निघालेत तिकडून."

"होईल तयार."

"कोण करणार? तुझे पूर्वज?"

असानकुलच्या मागे, रस्त्यावर, त्यानं घरोघरून गोळा करून आणलेला गावाचा अख्खा कळप बें-बें करत उभा होता. त्यानं एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा मेंढ्यांकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हसू फुटलं. खिंडीत वाट बुजली की गुरं पुढे घालून ती मोकळी करतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानं फाटक उघडलं आणि आरोळी ठोकून कळप आत घातला.

मेंढ्यांनी या गोलपासून त्या गोलपर्यंत अशा काही येरझाऱ्या घातल्या, की गुडघाभर बर्फ दाबून घट्ट झाला. संघाची कप्तान कुंदुझनं त्यावर टाच आपटून पाहिली. "अगाय, हे तर उन्हाळ्यापेक्षा बरं झालंय." सालकिन एजेंनी नाक मुरडलं, पण हात बाहीतून बाहेर काढला.

आता रेघा आखायच्या. शाळेकडे होता चुना. पांढऱ्यावर पांढरं ओढून काय दिसणार? असानकुलनं डोकं चालवलं आणि शाळेच्या घोड्याच्या तबेल्यातून गवताचा चुरा आणून झकास पिवळ्या रेघा आखल्या. मधलं वर्तुळ तर इतकं गोल आलं, की तो मागे सरून ते बघत राहिला.

तेवढ्यात शाळेमागे उभ्या केलेल्या मेंढ्यांना वास लागला. सकाळपासून त्यांच्या पोटात काडी नव्हती. असानकुल वळून बघतो, तो त्यांनी वर्तुळ साफ करून पेनल्टीच्या चौकटीला तोंड लावलं होतं.

"अगाय, रेघा खाल्ल्या त्यांनी," कुंदुझ म्हणाली.

"दिसतंय मला."

शेवटी शाळेच्या शेगडीतली राख कामी आली. राख खाण्याइतकी काही मेंढी वेडी नसते. कळप एका कोपऱ्यात गवत टाकून बसवला, कळपाबरोबरचा कुत्रा राखणीला ठेवला, आणि पाहुण्यांची गाडी फाटकात आली.

वरच्या गावचे मेदेर अगाय खाली उतरले. त्यांनी मैदान पाहिलं, मग कोपरा पाहिला. "असानकुल, हे तुझे प्रेक्षक का?"

"बारी आहे आज माझी."

"मग काय बोलणार," मेदेर म्हणाले. बारीपुढे त्यांचाही इलाज नव्हता.

पंच होते इसा आजोबा, गुरांचे निवृत्त डॉक्टर. सामना सुरू झाला. चेंडू घसरायचा, पोरी घसरायच्या, पडलेली पोर उठताना दुसरीला घेऊन पडायची, आणि सगळ्या खिदळायच्या. पहिला गोल पाहुण्यांनी केला, दुसरा कुंदुझनं. मग कितीही धावपळ केली तरी गोल काही होईना. असानकुल रेघेवर उभा राहून नखं खात होता. त्यातच त्याच्या एका पोरीचा पाय मुरगळला आणि राखीव म्हणून उरली होती फक्त पेरिझात.

पेरिझात शरद ऋतूत बिश्केकहून आजीकडे राहायला आलेली. शहराची पोर. गावातल्या पोरी तिला चिडवायच्या, हिला मेंढी आणि मेंढा वेगळा सांगता येत नाही म्हणून. ते खरंही होतं. पण दुसरं कुणी नव्हतं, म्हणून असानकुलनं तिलाच मैदानात उतरवलं.

सामना संपत आला होता. कुंदुझनं दातओठ खाऊन लाथ हाणली, चेंडू पाहुण्यांच्या खांबावर आपटला आणि उसळून थेट कोपऱ्यातल्या कळपात पडला. कुत्रा भुंकला. एक मेंढी उधळली, तिच्यामागे सगळ्या. त्यांच्या पायांत सापडून चेंडू रेघेबाहेर न जाता परत गोलपुढे आला आणि कळप निघाला उघड्या फाटकाकडे. फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे नदी, आणि नदीवरचा बर्फ अजून कच्चा.

गावच्या सगळ्या चुलींचं मटण आणि सगळ्या अंगांची लोकर चालली होती पळून. असानकुल धावला. कुंदुझ धावली. पाहुण्यांच्या पोरीही धावल्या, कारण मेंढरं उधळलेली बघून उभं राहायचं असतं, हे कुठल्याच गावात शिकवत नाहीत. त्यांची गोलकीपर तर सगळ्यांच्या पुढे होती, दोन्ही हात पसरून. खुद्द मेदेर अगायांनी टोपी फेकून एका मेंढ्याची शिंगं धरली. इसा आजोबांच्या काखेत एक मेंढी होती.

फाटक कसंबसं लागलं. कळप वळला. सगळे गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत असताना मागून बारीक आवाज आला.

"अगाय, गोल झाला."

मैदानात एकटी पेरिझात उभी होती. चेंडू पाहुण्यांच्या जाळ्यात होता.

"तू काय करत होतीस तिथं?" असानकुलनं विचारलं.

"खेळत होते. सगळे कुठं गेले ते मला कळलंच नाही."

मेदेर अगाय मेंढा सोडून तरातरा आले. "हा गोल? खेळ थांबला होता."

"शिट्टी कुठं झाली?" इसा आजोबा म्हणाले.

"मग वाजवायची होती ना. तोंडातच तर आहे तुमच्या."

"उधळलेल्या मेंढ्यांमागे शिट्टी वाजवतात होय? त्या पार नदीत गेल्या असत्या. शिट्टी नाही, म्हणजे खेळ चालू. गोल."

मेंढ्यांबद्दल आजोबांचं म्हणणं रास्तच होतं. असानकुलला आनंदानं नाचावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी लाजही वाटत होती. परक्या पोरींनी त्याची लाज राखली होती आणि त्यापायीच त्या हरत होत्या. तो घसा खाकरून म्हणाला, "मेदेर, शेवटची थोडी मिनिटं पुन्हा खेळू. हा गोल सोडून."

बोलताना त्यानं कुंदुझकडे बघायचं टाळलं. मेदेर काही म्हणणार, एवढ्यात त्यांची गोलकीपरच पुढे झाली. तिच्या हातमोज्यांना लोकर चिकटली होती.

"नको, अगाय. गोल सोडून जा असं मला कुणी म्हटलं नव्हतं. माझी मी गेले. त्यांचा गोल खराच आहे."

मेदेरनी पोरीकडे पाहिलं, उसासा टाकला आणि बर्फातली टोपी उचलून झटकली. "गोल," ते म्हणाले. मग सगळ्या पोरींनी मिळून पेरिझातला उचललं आणि घसरून सगळ्याच तिच्यासकट पडल्या. सालकिन एजे हसता हसता डोळे पुसत होत्या आणि थंडीनं पाणी येतंय असं सांगत होत्या.

संध्याकाळी खिंड बंद झाली, म्हणून पाहुणे गावातच राहिले. घरोघरी दोन दोन पोरी वाटून घेतल्या. मेदेर अगाय असानकुलकडे. झुरानं मटणाचं ताट मधे ठेवलं आणि चांगला तुकडा पाहुण्याच्या बाजूला सरकवला. मेदेरनी तो खाल्ला, वर गरम रस्सा प्यायले, आणि मग शांतपणे म्हणाले, "पुढच्या वर्षी सामना आमच्याकडे."

"येऊ की."

"त्या दिवशीची बारी मी माझ्याकडे मागून घेणार आहे."

असानकुल हसला. "घे ना. आमच्या पोरी मेंढ्यांना घाबरत नाहीत."

"मेंढ्या?" मेदेर हाड चोखत म्हणाले. "अरे, आमच्या गावात याक असतात."