टिल्लीच्या नाकातलं बटन

बटन हरवल्याचं कळलं ते बुधवारी सकाळी. आणि आदल्याच दिवशी मास्तरांनी दुकानात छातीठोकपणे सांगितलं होतं, "बावीस वर्षं कपडे शिवतोय! आजवर माझ्या हातून एक बटन हरवलेलं नाही!"

हे बटन गिऱ्हाइकाचं नव्हतं. मास्तरांच्या बायकोच्या राखाडी स्वेटरचं होतं. ती जाऊन पाच महिने झाले होते. त्यांची अडीच वर्षांची लेक टिल्ली रोज तो स्वेटर कुशीत घ्यायची, वरून तिसरं बटन मुठीत धरायची आणि मगच डोळे मिटायची. ते बटन बायकोने स्वतः लावलं होतं, आणि तेही राखाडी स्वेटरला लाल दोऱ्याने!

"शिंप्याची बायको आणि हे टाके? लोक माझ्या दुकानाची पायरी चढायचे नाहीत!" मास्तर तेव्हा म्हणाले होते.

"मग लोकांना माझा स्वेटर दाखवू नका," तिने ऐकवलं होतं.

मास्तरांनी गादी झटकली, कपाट ओढलं, मशीन उलटं केलं. शेवटी टिल्लीसमोर मांडी ठोकून बसले.

"टिल्ली, बटन कुठंय?"

टिल्लीने ऐटीत नाकावर बोट ठेवलं.

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या. लेक गेल्यापासून त्या इथेच राहत होत्या. "तरी म्हटलं, पोरीच्या एका नाकपुडीला आठ दिवस वास का मारतोय!"

आठ दिवस आधीच्या वासाचा कालच्या बटनाशी काय संबंध, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. दुपारी तिघं दवाखान्यात हजर!

"आत काहीतरी आहे खरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सूज आहे, नीट दिसत नाही आणि ही तर मासोळीसारखी वळवळतेय. शुक्रवारी पाच मिनिटं भूल देऊन काढू. दुपारी घरी. बटनच आहे ना?"

"चार भोकांचं, गोल काठाचं," मास्तर म्हणाले. "बाई, ते तुटायला नको."

"बटन?"

"म्हणजे... दोघंही."

शुक्रवारी टिल्लीला सकाळपासून उपाशी ठेवायचं होतं. मास्तरही उपाशी राहिले.

"भूल तिला देणार आहेत की तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

"ती उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरेल का?"

"नका उतरवू. चक्कर आली तर एकीला उचलू की दोघांना?"

मास्तरांनी खुंटीवरचा बाहेर जायचा शर्ट चढवला आणि निघाले. दवाखान्यात टिल्लीला हिरवा झगा घातला. तो तिच्या मापापेक्षा चांगला वीतभर मोठा होता. मास्तरांचे हात शिवशिवले.

"गुणाची बाय ती!" सिस्टर लाडाने म्हणाली. "आई कुठंय तुझी?"

टिल्लीने नाकावर बोट ठेवलं.

सिस्टर हसली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मास्तर झग्याची नाडी उगाचच दुसऱ्यांदा बांधत बसले. काहीही कुठंय विचारलं तरी पोरगी नाकच दाखवते, हा उजेड खरं तर तेव्हाच डोक्यात पडायला हवा होता. पण पोटात अन्न नाही, उजेड कुठून पडणार!

टिल्लीला आत नेलं आणि मास्तरांनी जमिनीवर बैठक मारली. सिस्टरने साखरपाणी पाजेपर्यंत डॉक्टरीणबाई बाहेर आल्याही! हातात छोटा ट्रे.

"छान झालं. हे बघा!"

ट्रेमध्ये पिवळट, ओला, वाटाण्याएवढा गोळा होता. मास्तरांनी माल लगेच ओळखला. कोटाच्या खांद्यात घालायचा स्पंज! त्यांच्याच दुकानातला!

"आणि बटन?"

"नाक मोकळं आहे."

"दुसरी नाकपुडी?"

"तीही बघितली. घसाही बघितला."

"मग टेबलाखाली पडलं असेल! बाई, एकदा बघा ना! ते बटन..." त्यांनी ट्रेखालीही वाकून पाहिलं. "तिच्या आईने लावलेलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी मागे वळून हुकूम सोडला, "मावशी, बॅटरी आणा!"

मग काय! सफाईवाल्या मावशी पोटावर झोपून कपाटाखाली झाडू फिरवू लागल्या. सिस्टर कचऱ्याची बादली उपसू लागली. सासूबाई, कुणी न सांगता, वाट बघत बसलेल्या लोकांना खुर्च्यांवरून उठवू लागल्या. एका आजोबांना तर बूट झटकायला लावले! दोन टाचण्या, पेनाचं टोपण आणि कानातला एक मणी सापडला. बटन सोडून सगळं सापडलं!

एवढ्यात टिल्ली जागी झाली आणि तिने भोंगा लावला. मास्तरांनी धावत जाऊन तिला उचलून घेतलं. रडता रडता तिचा हात सवयीने त्यांच्या खिशात शिरला, कारण तिथे कधीकधी बिस्किट असतं. हात बाहेर आला तो मूठ वळूनच.

"बटन!" टिल्ली म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर मान टेकून गाढ झोपली.

सगळे जमिनीवरून वर बघत होते. मावशींच्या केसात कोळिष्टक होतं.

मास्तरांना आता आठवलं. मंगळवारी रात्री पाहुण्यांकडून आले, तेव्हा हाच शर्ट अंगात होता. टिल्लीला थोपटता थोपटता नेहमीप्रमाणे आधी तेच पेंगले. बटन एका धाग्यावर लोंबत होतं. पोरीने गिळू नये म्हणून अर्धवट झोपेत त्यांनीच ते तोडून खिशात टाकलं होतं!

"बावीस वर्षांत एकही नाही, नाही का जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या.

"पुढच्या वेळी आधी वडिलांचा खिसा तपासू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मास्तर सुईत लाल दोरा ओवून बसले. दोन मिनिटांचं काम! पण बटनाच्या भोकांत बायकोचा दोरा तसाच होता, तिने मारलेल्या मिऱ्याएवढ्या ओबडधोबड गाठीसकट. बटन लावायचं तर तो आधी काढावा लागणार होता. मास्तरांनी कात्री उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग ते गिऱ्हाइकाचा कोट शिवायला बसले.

आता टिल्ली दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेते. रात्री बटन मुठीत धरते, ती झोपली की मास्तर ते काढून खिशात ठेवतात. खिशाला त्यांनी झाकण शिवलंय, त्याला दोन काजं केलीत, दोन बटनं लावलीत.

स्वेटरचं बटन लावायचं राहिलंय.