चार नंबरच्या ट्रकचा तिसरा गिअर

टर्लो काउंटीच्या चार नंबरच्या पिकअप ट्रकला दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गचका बसत असे. गिअर ऑटोमॅटिक, त्यामुळे कधी बदलायचा आणि किती जोरात, हे ट्रकच ठरवी, आणि ट्रकचा स्वभाव तापट होता. नेब्रास्कात असल्या गोष्टीची कोणी तक्रार करत नाही. पण या ट्रकमधून रोज दुपारी एकोणीस एकट्या म्हाताऱ्यांना गरम जेवण पोचवलं जाई, आणि जेवणात सूप असे. काउंटीच्या पाच जणांच्या मंडळाचा मी सभासद असल्यामुळे पुढच्या सगळ्या प्रकाराचा मी साक्षीदार आहे. नुसता साक्षीदार, असं मी बरेच दिवस सांगत होतो.

वाटेवरचं शेवटचं घर एल्डन प्रोकॉप यांचं. वय शहाऐंशी, तोंडात दात नाही, आणि कवळी त्यांनी तत्त्व म्हणून नाकारलेली. सूप हेच त्यांचं जेवण. आणखी पाच पौंड वजन उतरलं तर घर सोडून वृद्धाश्रमात जावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाफ कोंडू नये म्हणून वाडग्याच्या झाकणाला भोक असावं असा आमचाच नियम होता. त्यामुळे आधीच्या अठरा थांब्यांनंतर एल्डन यांच्या वाडग्यात शेवया असत, सूप ट्रकमध्ये असे.

जेवण पोचवणारी आर्लीन शेवटी काउंटीच्या गॅरेजात गेली. तिथला मेकॅनिक लायल स्ट्रोबेल तेव्हा सँडविच खात होता.

"लायल, मी सूप म्हाताऱ्यांना वाटते की ट्रकला पाजते, तेवढं सांग," ती म्हणाली.

लायलने आपल्या स्वतःच्या ट्रकसाठी घेतलेला ट्यूनर आणला. गाडीच्या संगणकातली सेटिंग्ज बदलणारं, हाताच्या पंजाएवढं यंत्र. त्याची वायर स्टिअरिंगखाली खोचली, चावी चालू ठेवली, इंजिन बंद. आधी कारखान्याची मूळ सेटिंग्ज जपून ठेवली, मग तिसऱ्या गिअरचा कडकपणा तीन अंश उतरवला आणि गिअर जरा लवकर पडेल असं केलं. अकरा मिनिटं लागली, दुसऱ्या हातातलं सँडविचही संपलं. पुढचे दोन आठवडे एल्डन यांना काठोकाठ वाडगा मिळाला आणि त्यांचं वजन दोन पौंडांनी वाढलं.

पण लायल प्रामाणिक आहे, आणि इथेच घोडं पेंड खातं. त्याने गॅरेजच्या वहीत लिहून ठेवलं: "चार नंबर. सूपासाठी गिअर मऊ केला."

वही मंडळापुढे आली. आमच्या वकिलांनी मत दिलं की हा सरकारी मालमत्तेच्या वर्तणुकीत केलेला बदल आहे, आणि वर्तणुकीत बदल करायचा तर जाहीर सुनावणी हवी. तोपर्यंत मूळ सेटिंग्ज परत घालण्यात आली. दुसऱ्या दिवसापासून गचका आपल्या कामावर रुजू झाला.

सुनावणीत प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. वेळ मोजायला अंडी उकडायचं घड्याळ असतं. तेवीस जण बोलले. एक निवृत्त ट्रकचालक म्हणाले की गचक्यामुळे गिअर बदलल्याचं जनतेला कळतं, आणि याला पारदर्शकता म्हणतात. एक बाई म्हणाल्या, आज सूपाला मऊ गिअर दिला तर उद्या बर्फ काढणारा ट्रकही मागेल. जेवण घेणाऱ्या एकोणिसांपैकी अठरा जण आले नाहीत, कारण सभा संध्याकाळी होती आणि अंधारात गाडी चालवायला त्यांना बंदी होती. एल्डन यांना मात्र आर्लीन आपल्या गाडीतून घेऊन आली. तिची सगळी भिस्त त्यांच्यावर होती.

एल्डन माइकपाशी उभे राहिले. "माझा अडुसष्ट सालचा ट्रक गिअर बदलताना लाथ घालायचा," ते म्हणाले. "आमची कुणाची कंबर मोडली नाही. मऊच करायचा असेल तर मग त्याला ट्रक म्हणू नका."

"अहो एल्डन, सांडतं ते सूप तुमचंच आहे," आर्लीन जागेवरूनच म्हणाली.

"सूप माझं आहे, पण तत्त्व सगळ्यांचं आहे."

घड्याळ वाजलं. त्या संध्याकाळी सर्वांत जास्त टाळ्या त्यांना पडल्या.

मंडळात जहाल आणि मवाळ असे दोन गट पडले होते. दोघांचा मान राखून ठराव झाला: विषम गिअर कडक, सम गिअर मऊ. लायलने दबकत सांगितलं की भानगड नेमकी तिसऱ्याचीच आहे. तांत्रिक मुद्दा विषयपत्रिकेवर नाही, असं अध्यक्षांनी त्याला समजावलं. मग त्याने ट्यूनर लावून ठरावाची अक्षरशः अंमलबजावणी केली. तिसरा गिअर आता मूळच्यापेक्षा दोन अंश कडक झाला. लायलला प्रामाणिकपणाबद्दल प्रशस्तिपत्र आणि नियमभंगाबद्दल ताकीद एकाच पाकिटातून देण्यात आली.

आता शेवयाही वाडग्यात राहीनात. झालेला ठराव वर्षभर फिरवता येत नाही, म्हणून सुरक्षा समितीने सखोल अभ्यास केला, तेव्हा दोष सूपाचा निघाला. सूप हा "वाहनाच्या स्वभावाशी विसंगत द्रव" ठरला. त्याऐवजी खारी बिस्किटं आणि सुकवलेलं मांस द्यावं, अशी शिफारस आली. ते सांडत नाही. मंडळाचे पाचही हात वर गेले.

मार्चमध्ये एल्डन यांना वृद्धाश्रमात हलवलं. आर्लीन त्यांना सोडून परत आली आणि थेट माझ्या दारात उभी राहिली.

"बाकीच्यांचं जाऊ द्या. तुम्हाला त्यांचे दात ठाऊक होते. तुमचा हात का वर गेला?"

"सगळ्यांचे वर होते," मी म्हणालो.

ती निघून गेली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. आत बायकोने सूप वाढून ठेवलं होतं, काठोकाठ. आमच्या घरी शेगडीपासून टेबलापर्यंत मध्ये एकही गिअर लागत नाही. तुमच्याही घरी लागत नसणार, म्हणून तर इथवर वाचताना तुम्हाला हसू आलं.