बिरनाळ्यांकडं राहायला आलेलं अकाउंट

ऋजुता मगदूमच्या नावानं काढलेलं खोटं अकाउंट गुरुवारी सकाळी बॅग घेऊन बिरनाळ्यांच्या दारात आलं. बिरनाळ्यांच्या प्रणितनंच ते काढलेलं, म्हणून ते तिथं राहायला आलं होतं.

प्रणितच्या आईला, कुसुमवहिनींना, हे कुठलं ठाऊक? मुलाच्या वर्गातली पोरगी आली म्हणून त्यांनी तिला बसवलं, हळदीकुंकू लावलं, चहा टाकला. चहा पिता पिता अकाउंट खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांना हाका मारून जे काही बोललं, त्यानं वहिनींच्या कानातले किडे झडले.

"असलं कुणी शिकवलं ग तुला?"

"तुमच्या प्रणितनं, काकी. मला माझं असं काही बोलताच येत नाही."

आमचं पोरगं म्हणजे गरीब गाय, असं वहिनी अख्ख्या गल्लीला सांगत आलेल्या. गरीब गाय चार्जर शोधत बाहेर आली आणि अकाउंटला बघून म्हणाली, "आई, गंमत म्हणून काढलेलं. सगळीच काढतात."

वहिनींनी दोघांना घेऊन पोलीस चौकी गाठली. हवालदारांनी अकाउंटला खुर्ची दिली.

"कुंकू लावलासा काय हिला?"

"लावलं की. लेकीबाळीला तसंच कसं बसवायचं?"

"मग झालं. घरची म्हणून घेतलासा. आता हाकलता यायचं नाही, बंदच करावं लागंल."

"करा की मग."

"ते आमच्या हातात नाही. खऱ्या मुलीच्या दारात जायचं. पोरानं हिच्या तोंडी घातलेलं एकेक वाक्य मोठ्यानं म्हणायचं, आईनं ऐकायचं. म्हटलं तेवढी ही कमी होत जाती. ही गावात फिरती तोवर ती बिचारी घराबाहेर कशी पडंल?"

मगदुमांच्या घरी ऋजुताच्या आईनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. ऋजुता बाहेर आली. चेहरा तोच, पण अकाउंटपेक्षा निम्मी राहिलेली. वहिनींना तिच्याकडं बघवेना.

"बाळ, तू आत जा. तू नको ऐकूस."

"मला पाठ आहे, काकी," ऋजुता म्हणाली. "तुम्ही ऐका."

वहिनी पायरीवर बसल्या. प्रणित पहिलं वाक्य पुटपुटला. अकाउंट शांतपणे म्हणालं, "मोठ्यानं." मग प्रणितनं ते मोठ्यानं म्हटलं.

वहिनींचे हात कानाकडं गेले. माझ्या घरात, माझ्या हातचं जेवून ह्यानं हे लिहिलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. त्यांनी हात खाली घेऊन मांडीवर ठेवले.

अकाउंटच्या डाव्या हाताची करंगळी नाहीशी झाली होती.

वहिनींनी अकाउंटकडं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. चांगली धडधाकट पोरगी होती.

"पुढचं म्हण," त्या प्रणितला म्हणाल्या.